मागचं अंग आधी

“वहिनी, तू त्या गाडीखाली जाणार?” दीर शेडच्या दारातूनच म्हणाला. चहाचा कप अजून त्याच्या हातात होता, तेव्हा तो मदतीला आला होता की अडवायला, हे त्याचं त्यालाच ठरवायचं होतं.

“मग वरून पोचणारेत का हात?” सिस्टर म्हणाल्या. “तो कप ठेवा भाऊजी, आणि हा ठोकळा तिकडून चाकापाशी सरकवा. सपाट बसला पाहिजे, कलता नको.”

“अगं, पण संध्याकाळी भंगारवाला येतोय. दादानंच बोलावलंय त्याला. जायच्या गाडीची एवढी सेवा कशाला?”

“संध्याकाळ व्हायचीय अजून.”

दिराने कप खिडकीत ठेवला आणि ठोकळा सरकवला. वहिनीशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं त्याने पाहिलं नव्हतं.

सिस्टरांची सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरात गेलेली. निवृत्त झाल्या तरी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे, नवरासुद्धा तेच म्हणे. शेडच्या फरशीवर त्यांनी धुतलेली हिरवी चादर अंथरली होती. तिच्यावर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने, शेजारी स्वच्छ फडकी, आणि काढलेला माल ठेवायला एक जुना स्टीलचा ट्रे. केस रुमालात बांधलेले, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, वर अ‍ॅप्रन.

“टाके घालायचेत का गाडीला?” दिराने विचारलं.

“वेळ आली तर तेही घालीन.”

गाडीचा प्रकारच जगावेगळा होता. तिला स्प्रिंगा नव्हत्या. प्रत्येक चाकापाशी नारळाएवढा एक लोखंडी गोळा, गोळ्यात रबरी पडदा, पडद्याच्या एका अंगाला कोंडलेला गॅस आणि दुसऱ्या अंगाला हिरवं तेल. इंजिन सुरू झालं की पंप तेलाला दाब देई आणि गाडी उभी राही. रात्रभरात दाब उतरला की पोट जमिनीला टेकवून बसे. सकाळी उठताना आधी मागचं अंग उचले आणि मग पुढचं, अगदी म्हशीसारखं. म्हणून गल्लीने तिचं नाव म्हैस पाडलं होतं. “तुमची म्हैस उठली का?” असं शेजारी विचारत, आणि सिस्टरांचे यजमान मोठ्या तोऱ्यात म्हणत, “उठली, उठली. दूध हवंय का?”

हे यजमान म्हणजे चौकातले रेडिओवाले. हात बारीक कामात तरबेज, कान तिखट आणि स्वभाव उतावळा. बंद रेडिओ ते कानाला लावून हलवत आणि कुठला सांधा सुटलाय ते सांगत. म्हशीला त्यांनी कधी परक्याचा हात लागू दिला नाही. गेल्या वर्षी एका रविवारी त्यांनी गाडी उंचीच्या लिव्हरने पुरती उंच केली आणि गळणारा एक सांधा आवळायला पाठीवर सरकत खाली गेले. लोखंडी स्टँड भिंतीला टेकून उभे होते, हात लांबवला तर लागतील एवढ्यावर. पण दोन मिनिटांच्या कामाला स्टँड कोण लावणार? पाना फिरला, सांधा सुटला, तेल उडालं आणि म्हैस बसली. त्या दोन मिनिटांच्या कामाने त्यांच्या कमरेखालचा सगळा जीव नेला.

तेव्हापासून ते चाकाच्या खुर्चीत होते. दंड आणि पाठ तरी शाबूत राहावी म्हणून उपचार केंद्रात व्यायामाला जायचं ठरलं. भाड्याची गाडी यायची. एका बाजूने दीर आणि दुसऱ्या बाजूने ड्रायव्हर, असं त्यांना उचलून आत घालायचं. पुढे पुढे ते डोळे मिटून घ्यायला लागले. एकदा उचलताना भर रस्त्यात त्यांची पँट खाली घसरली. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायकांनी माना फिरवल्या. त्या माना फिरवण्यानेच ते मेल्याहून मेले झाले. “मी काय पोतं आहे?” एवढंच घरी येऊन म्हणाले, आणि पुन्हा केंद्रात गेले नाहीत. डॉक्टरांनी बजावलं होतं की व्यायाम सुटला तर हाताची ताकद जाईल, मग अंथरूणच.

सिस्टरांच्या डोक्यात म्हैस आली ती तेव्हा. तिची उंची लिव्हरने वरखाली होते. सीट बरोबर खुर्चीच्या उंचीला आणली आणि मध्ये गुळगुळीत फळी टाकली, तर माणूस आपल्या दंडांच्या जोरावर सरकून आत जाऊ शकतो, कुणी हात लावायची गरज नाही. घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. सुटलेला सांधा पुढे नीट बसवला होता आणि गाडी उठतही होती, पण गोळ्यांतला गॅस विरून गेला होता आणि ती दगडासारखी आदळत होती. नवऱ्याच्या पाठीला ते आदळणं सोसणारं नव्हतं. गावातला एकही गॅरेजवाला तिला हात लावायला तयार नव्हता. सिस्टरांनी नवे गोळे मागवले.

रेडिओवाल्यांनी ते खोकं पाहिलं आणि त्यांचं डोकं फिरलं. “ती गाडी मला डोळ्यांसमोर नको,” ते म्हणाले, आणि भावाकडून भंगारवाल्याला निरोप धाडला.

“ठीक आहे,” सिस्टर म्हणाल्या होत्या. “पण संध्याकाळपर्यंत ती माझी. नवे गोळे बसवल्यावर नीट उठली, तर राहील. आणि राहिली, तर तुम्ही तिच्यात बसायचं.”

“आणि नाही उठली तर?”

“तर भंगारवाल्याला मी माझ्या हातानं चहा करून देईन.”

ते खुर्ची फिरवून खोलीत गेले, आणि शेडच्या बाजूची खिडकी त्यांनी ओढून घेतली.

आता सिस्टरांनी गाडी पुरती उंच केली, हाताला येईल तेवढंच बाहेरून वाकून चारही स्टँड त्यांच्या जागी सरकवले, त्यांच्या शेजारी जाड ठोकळे रचले आणि लिव्हर हळूच खाली घेतला. गाडी खाली आली आणि स्टँडवर टेकून थांबली, चाकं मात्र वर ओढली गेली. इंजिन बंद करून त्या बॉनेटकडे गेल्या. तिथे दाब सोडायचा स्क्रू होता. त्यांनी त्याला पाना लावला.

“एकच आटा!” आतून आवाज आला. “पुरता काढू नकोस!”

ओढून घेतलेली खिडकी चार बोटं उघडी होती.

“दादा, तुला नकोय ना ही गाडी?” दीर म्हणाला.

“नकोच आहे. आवाज येतोय म्हणून बोललो. कान काय कापून ठेवू?”

सिस्टरांनी एक आटा फिरवला. तेल सूं सूं करत टाकीत परत जायला लागलं. त्यांनी पाना बाजूला ठेवला.

“थांब,” खिडकी म्हणाली. “अजून बोलतंय ते. घाई नको.”

“घाई? मी?” सिस्टरांनी दिराकडे बघून भुवया उडवल्या. “बघा, उंटावरून शेळ्या कोण हाकतंय.”

“आता गप्प झालं. आता हलवून बघ गाडी. त्यालाही लावू दे जोर. डुगडुगली तर खाली जायचं नाही, सांगून ठेवतो.”

दोघांनी गाडीला खांदा लावला. ती हलली नाही. दिराने आणखी एकदा चिडून ढकललं, जणू भावाचा जुना हिशेब चुकता करायचा होता. तरीही ती हलली नाही.

सिस्टर पाठीवर झोपल्या आणि सरकत खाली गेल्या.

तिथे त्यांना भीती वाटली, चांगलीच वाटली. नाकापासून वीतभर अंतरावर तेलकट लोखंड होतं आणि पाठीखाली तीच फरशी. त्या दिवशी ते इथेच होते. बाहेरून सिस्टरांना त्यांचे फक्त बूट दिसले होते, आणि ते बूट हलत नव्हते. त्यांना वाटलं, उठावं, बाहेर जावं, चहा टाकावा, जाऊ दे त्या भंगारात. थिएटरातही कितीदा असंच वाटलं होतं. तिथे भीती घालवायचा एकच उपाय त्यांना माहीत होता, पुढचं काम हातात घ्यायचं.

“भाऊजी, पट्ट्याचा पाना.”

मागचा उजवा गोळा काही केल्या हलेना. पट्टा गुंडाळून ओढला की सटकायचा. घाम डोळ्यांत उतरला. दोनदा सटकला, तिसऱ्यांदा त्यांचं बोट सोललं, आणि त्यांच्या तोंडून थिएटरात कधीही न काढलेला शब्द निघाला.

“पट्टा उलटा गुंडाळलायस,” आवाज आता खिडकीतून आला नव्हता. तो शेडच्या दारातून आला.

गाडीखालून सिस्टरांना खुर्चीची चाकं दिसली. त्या दिवसानंतर ती चाकं या दारात पहिल्यांदाच आली होती.

“ओढशील त्या दिशेनं आवळला पाहिजे,” रेडिओवाले म्हणाले. नजर त्यांनी भिंतीवर ठेवली होती, गाडीवर नाही. “तू ओढतेस आणि तो सुटतोय, ऐकू येतंय मला.”

सिस्टरांनी पट्टा फिरवून घेतला आणि सगळं बळ लावलं. गोळा करकरला, किंचित हलला, आणि थोडं हिरवं तेल कोपरावरून त्यांच्या बाहीत गेलं.

“सुटला!” दीर ओरडला. मग एकदम त्याने बाह्या सरसावल्या. “दे, तो पुढचा मी करतो.”

पुढे काम रंगात आलं. पुढचे दोन गोळे बॉनेटखालून निघत होते, ते दिराने काढले आणि काढताना अर्धी बादली तेल अंगावर घेतलं. प्रत्येक गोळ्याच्या तोंडाशी एक काळी रबरी रिंग असते. जुनी टाकायची, नवी हिरव्या तेलात भिजवून बसवायची. दुसरं कुठलंही तेल लागलं तर रबर फुगून बाद होतं, म्हणून सिस्टरांनी त्या रिंगा झाकून ठेवल्या होत्या. नवा गोळा हातानेच फिरवायचा. दिराने सवयीने पाना उचलला तर दारातून आणि गाडीखालून एकदमच आवाज आला, “हातानं!” रेडिओवाले आणि सिस्टर एकाच सुरात बोलल्याला बरेच दिवस झाले होते.

ऊन कलायला लागलं तेव्हा चारही नवे गोळे बसले होते. तेवढ्यात फाटकाशी क्रेनची गाडी येऊन थांबली. भंगारवाला उतरला, आत डोकावला आणि पायरीवर बसला. “होऊ द्या निवांत,” तो म्हणाला, पण क्रेनचं इंजिन त्याने चालूच ठेवलं होतं.

“झालंच,” दीर म्हणाला. “वहिनी, तो स्क्रू आवळ आणि मार स्टार्टर.”

सिस्टर चादरीपाशी बसल्या होत्या. “मोजणी राहिलीय,” त्या म्हणाल्या.

इस्पितळात हे सगळ्यांना पाठ होतं. सिस्टरची मोजणी झाल्याशिवाय शेवटचा टाका पडत नाही. किती सर्जन कुरकुरले, किती जणांनी घड्याळं दाखवली. त्या आपल्या मोठ्याने मोजत राहायच्या.

“पाने सगळे. फडकी सगळी. जुने गोळे चार.” त्या ट्रेवर वाकल्या. “जुन्या रिंगा... तीन.”

“चार असतील,” दीर म्हणाला.

“तीन आहेत.”

“पडली असेल कुठेतरी. एवढंसं रबर ते. वहिनी, तो माणूस थांबलाय.”

चादर झटकली, फरशी झाडली, तेलाच्या बादलीत हात घालून पाहिला. चौथी रिंग नव्हती. सिस्टरांनी नवऱ्याकडे पाहिलं.

“एखाद्या जुन्या गोळ्याबरोबरच गळून गेली असेल,” रेडिओवाले म्हणाले. “सोड. चालू करून बघ. गळलं तर दिसेलच.”

“असेल, असेल, असेल,” सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण क्रेनच्या घरघरीतही तो सगळ्यांना ऐकू आला. “त्या दिवशीही तुम्ही हेच म्हणालात. धरून राहील. होऊन जाईल. स्टँड तिथे भिंतीला होते, अहो. तिथे. मी रोज बघते ती भिंत.”

वर्षभरात हे वाक्य त्या घरात कुणी बोललं नव्हतं. दीर चादरीवरचा एक पाना उगाच पुसत बसला. भंगारवाल्याने पायरीवरून उठून क्रेनचं इंजिन बंद केलं आणि परत येऊन बसला.

रेडिओवाल्यांनी पहिल्यांदाच गाडीकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“मागचा उजवा,” ते शेवटी म्हणाले. “तो जोर करून निघाला. रिंग आतच चिकटून राहिली असणार. नाही, नुसतं ‘असणार’ म्हणून चालायचं नाही. उघड आणि बघ.”

“स्टँड हलवून बघा भाऊजी,” सिस्टर म्हणाल्या, आणि पुन्हा खाली गेल्या.

नवा गोळा हाताने सुटला. त्यांनी बॅटरी आत धरली. लोखंडही काळं आणि रिंगही काळी. डोळ्यांना काहीच वेगळं दिसेना. त्यांनी करंगळी आत फिरवली. बोटाने सांगितलं. जुनी रिंग चपटी होऊन खाचेत बसली होती आणि नवी तिच्यावर चढून चेपली होती. टोकदार हत्यार घातलं तर खाचेला ओरखडा पडेल, म्हणून त्यांनी दिराकडून लाकडी दातकोरणी मागून घेतली आणि हळूहळू, काटा काढावा तशी ती जुनी रिंग उकलून काढली.

हात गाडीखालून बाहेर आला. तळव्यावर काळं वेटोळं होतं.

रेडिओवाल्यांनी ते उचलून बोटांत फिरवलं. “दाब आला असता,” ते म्हणाले, “आणि तू स्टँड काढत असतीस.” त्यांनी ती रिंग स्वतः ट्रेमध्ये ठेवली. “चार,” ते म्हणाले.

सिस्टरांनी जादा मागवलेली नवी रिंग तेलात भिजवली आणि गोळा पुन्हा हाताने बसवला. एक जास्तीची नेहमी असायचीच.

मग स्क्रू आवळला. टाकीत तेल भरलं. इंजिन सुरू झालं, पंप टकटक करायला लागला आणि शेडमध्ये सगळे जण कान देऊन उभे राहिले. गाडी हललीच नाही. दीर पुटपुटला, “नाही उठत.”

“गप्प बस,” रेडिओवाले म्हणाले. “तेल वर चढतंय. ऐक की.”

मागचं अंग हळूच उचललं गेलं. स्टँडवरून सुटलं. मग पुढचं. म्हैस उभी राहिली आणि तिने एकदा सुस्कारा टाकला.

सिस्टरांनी बाहेरूनच, पांढरं फडकं काठीला गुंडाळून प्रत्येक सांध्याला लावलं आणि उजेडात धरून पाहिलं. कोरडं होतं. स्टँड आणि ठोकळे त्यांनी लांब आकडीने ओढून काढले, अंगाचा एक अवयव खाली गेला नाही. मग गाडी गल्लीत काढली. गल्लीच्या तोंडाशी नळाचा खड्डा होता, त्यावर आजवर भल्याभल्यांची डोकी गाडीच्या टपाला आपटली होती. त्याच्यावरून त्या मुद्दाम गेल्या. गाडी डुलली, एवढंच.

परत आल्या तेव्हा भंगारवाला उभा होता. “बाई, मी बसलेली म्हैस न्यायला आलो होतो,” तो म्हणाला. “ही तर उभी आहे.” आणि क्रेनकडे जायच्या ऐवजी तो फाटकाला टेकून पुढे काय होतं ते पाहत राहिला.

“ठरलं होतं आपलं,” सिस्टर म्हणाल्या.

रेडिओवाल्यांनी वर पाहिलं. समोरच्या गच्चीवर बायका वाळलेले कपडे काढत होत्या. मग रेडिओवाल्यांनी खुर्चीची चाकं स्वतः फिरवली आणि गाडीच्या उघड्या दाराशी आणून लावली.

सिस्टरांनी लिव्हर एक खाच वर केला. सीट उठली आणि खुर्चीच्या बरोबरीला येऊन थांबली. मध्ये फळी टाकली. दीर सवयीने पुढे झाला, दोन्ही हात पसरून. सिस्टरांनी त्याच्या छातीला हात लावून त्याला मागे केलं.

रेडिओवाल्यांनी एक तळवा फळीवर आणि एक सीटवर रोवला. दंड थरथरायला लागले. एवढ्या महिन्यांत ते खरंच वाळले होते. ते वीतभर सरकले, थांबले, दम घेतला. पुन्हा सरकले. सिस्टर त्यांच्या बगलेखाली हात धरून उभ्या होत्या, न टेकवता, रोज सकाळी ते पलंगावरून खुर्चीत येताना धरतात तसा.

शेवटचा जोर लावून ते सीटवर गेले, आणि सगळा भार पडताच गाडी त्या बाजूला खचली. दीर डोळे मिटून घ्यायच्या बेतात होता.

पंप एकदा टक् वाजला. गाडीने तो भार अंगावर घेतला आणि सावकाश, कुणाच्या मदतीशिवाय, त्यांना घेऊन पुन्हा होती त्या उंचीवर आली.

“उठली,” ते म्हणाले. ते समोर, काचेतून गल्लीकडे पाहत होते. त्यांनी पाय एकेक करून हातांनी आत घेतले आणि दार ओढून घेतलं.

दाराबाहेर सिस्टरांचा हात अजून तसाच धरलेला होता. थोड्या वेळाने त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी तो खाली घेतला, अ‍ॅप्रनला पुसला, आणि वळसा घालून गाडी चालवायला गेल्या.